इस्पितळाच्या दारात गाडी

दुखणे सांगून येत नाही. ते रात्री येते, भर पावसात येते, लावणीच्या ऐन घाईत येते. मग घरातला माणूस हातातले काम टाकतो. शेजाऱ्याला हाक मारतो. मिळेल ती गाडी काढतो. रिक्षा असो, मोटारसायकल असो, नाही तर भाजीचा टेंपो असो. रोग्याला गाडीत घालायचे आणि इस्पितळ गाठायचे, एवढेच त्याला सुचते.

इथपर्यंत सगळे ठीक. पण इस्पितळाचे दार आले की एक प्रश्न उभा राहतो. रोग्याला आत न्यायचे, पण गाडी कुठे ठेवायची?

हा प्रश्न लहान वाटतो. पण त्यापायी दंड भरावा लागतो, भांडण होते, आणि कधी कधी दुसऱ्याच्या जिवावर बेतते. आमच्यावर असा प्रसंग आला होता. आधी तो सांगतो. मग कायदा काय म्हणतो आणि आपण काय करावे, ते पाहू.

त्या दिवशी काय झाले

आमचे गाव विरारच्या पूर्वेला, डोंगराच्या बाजूला आहे. पावसाळ्याचे दिवस होते. सकाळी नऊच्या सुमारास आमच्या मंडळींना दम्याचा झटका आला. श्वास लागेना. ओठ निळे दिसू लागले. आम्ही घाबरून गेलो.

शेजाऱ्यांकडे चारचाकी गाडी आहे. ते स्वतः घरी नव्हते. त्यांच्या पुतण्याने गाडी काढली. शेजारच्या वहिनीही बरोबर आल्या. या वहिनी आमच्या रात्रीच्या वर्गाला येतात. पन्नाशीला अक्षर शिकल्या. आता दिसेल ती पाटी वाचतात. दुकानाची वाचतात, एसटीची वाचतात, खताच्या पिशवीवरचीसुद्धा वाचतात.

आम्ही शहरातल्या एका इस्पितळाशी आलो. रस्ता गाड्यांनी भरलेला. दोन्ही बाजूंना मोटारसायकली. फक्त दाराच्या तोंडाशी जागा मोकळी होती. आम्ही पुतण्याला म्हटले, "घाल इथेच."

वहिनी मागच्या बाकावरून म्हणाल्या, "गुरुजी, पाटी आहे. 'रुग्णवाहिकेसाठी राखीव. येथे वाहने उभी करू नयेत', असं लिवलंय."

आम्ही म्हटले, "राहू द्या आता पाटी. आधी हिला आत नेऊ."

पुतण्याही आमच्याबरोबर आत आला. खुर्ची ढकलायला माणूस हवा होता. केसपेपर काढायलाही माणूस हवा होता. गाडी तशीच दारात राहिली. किल्ली पुतण्याच्या खिशात.

आत डॉक्टरांनी लगेच प्राणवायू लावला. वाफ दिली. अर्ध्या तासाने मंडळींचा श्वास खाली बसला. आमच्या जिवात जीव आला. मग आम्ही बाहेर आलो. गाडीशी वाहतूक शाखेचा शिपाई उभा होता. त्याने गाडीचा फोटो काढला होता आणि चलन केले होते. दंड ५०० रुपये.

आम्ही संतापलो. म्हटले, "अहो, आमचं माणूस मरणाच्या दारात, आणि तुम्ही दंड कसला करता?"

शिपाई काही बोलला नाही. इस्पितळाचा रखवालदार मात्र बोलला. तो म्हणाला, "बाबा, तुमचं माणूस आत गेलं, बरं झालं. पण तुमच्या मागून १०८ ची गाडी आली होती. हायवेवरचा अपघाताचा माणूस होता तिच्यात. तुमची गाडी दारात आडवी. किल्ली नाही, डायवर नाही. मी किती हाका मारल्या! शेवटी त्याला रस्त्यावरच उतरवला. चौघांनी स्ट्रेचर उचलून पावसातून आत नेला."

आमचा सगळा राग उतरला. मान खाली गेली.

आम्ही पस्तीस वर्षे मुलांना वाचायला शिकवले. आणि त्या दिवशी समोरची पाटी वाचली नाही. जिने नुकतीच अक्षरे शिकली, तिने ती वाचली. आणि आम्ही तिला गप्प केले.

तिसऱ्या दिवशी आम्ही इस्पितळात चौकशी केली. तो मनुष्य वाचला होता. मनावरचे ओझे उतरले. पण तो वाचला, यात आमचे पुण्य काही नव्हते.

दारातच मनाई का?

आपल्याला वाटते, गाडी दोन मिनिटे तर ठेवायची आहे. पण दोन मिनिटांची वीस मिनिटे कशी होतात, ते कळत नाही. केसपेपरला रांग असते. डॉक्टर औषध आणायला पिटाळतात. रोग्याला सोडून बाहेर येववत नाही. दारात गाडी आहे, हे आपण पार विसरून जातो.

आपल्या वसईकडे ही अडचण जास्त आहे. इथले जुने रस्ते बैलगाडीचे. केळी, पानवेली, भाजी आणि फुले स्टेशनला नेण्यापुरते ते होते. पुढे वस्ती वाढली. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. माणसे वाढली, गाड्या वाढल्या. रस्ता मात्र तेवढाच राहिला.

इस्पितळे याच रस्त्यांवर आहेत. वसई गावात सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे. ते महापालिका चालवते. सांडोरला कार्डिनल ग्रेशियस रुग्णालय आहे. गल्लोगल्ली खासगी दवाखाने आहेत. काही तर राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर आहेत. अशा ठिकाणी दार एकच असते. आत जायचे त्याच दाराने, बाहेर यायचे त्याच दाराने. त्या दारात एक गाडी आडवी राहिली, तर सगळे इस्पितळ बंद झाल्यासारखे होते.

विहिरीची उपमा घ्या. विहिरीवर सगळा गाव पाण्याला येतो. एकाने पायरीवरच घडा ठेवला आणि तो गप्पा मारत बसला, तर मागच्यांनी काय करावे? इस्पितळाचे दार हे गावाच्या विहिरीच्या पायरीसारखे आहे. ते कुणा एकाचे नाही.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात गाड्यांसाठी मोटार वाहन कायदा आहे. तो १९८८ सालचा आहे. त्याच्या १२२ व्या कलमात सांगितले आहे, की दुसऱ्याला धोका होईल किंवा अडथळा होईल अशी गाडी रस्त्यावर सोडू नये.

१९८९ साली केंद्र सरकारने रस्त्याचे नियम केले. गाडी कुठे लावू नये, याची यादी त्यांत होती. चौकाजवळ लावू नये. वळणावर लावू नये. पायी चालण्याच्या पट्टीवर लावू नये. दुसऱ्या उभ्या गाडीला खेटून दुसरी ओळ करू नये. बसथांब्याजवळ, शाळेच्या दाराजवळ आणि इस्पितळाच्या दाराजवळ लावू नये. पुढे २०१७ साली या नियमांच्या जागी नवे नियम आले. पण दुसऱ्याची वाट अडवू नये, हे तत्त्व तेच राहिले.

आता दंड किती? मूळ कायद्यात अशा साध्या चुकीला पहिल्या वेळी १०० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ साली कायदा बदलला. महाराष्ट्रात नवे दर डिसेंबर २०२१ पासून आले. त्याप्रमाणे मनाईच्या जागी गाडी लावली, तर पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुन्हा केली तर १,५०० रुपये. म्हणजे पहिली चूक एका दिवसाची मजुरी खाते. दुसरी चूक तीन दिवसांची खाते.

दंडाशिवाय गाडी उचलूनही नेता येते. कायद्याच्या १२७ व्या कलमात ते आहे. मनाईच्या जागी लावलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी ओढून नेण्यास सांगू शकतो किंवा तिच्या चाकाला जाभडा लावू शकतो. ओढून नेण्याचा खर्च गाडीच्या मालकावर पडतो. रोगी इस्पितळात, आणि आपण गाडी शोधत चौकीवर, अशी दोन ठिकाणी धावपळ होते.

पण पोलिसांनाही मर्यादा आहे. २०१७ साली नोव्हेंबर महिन्यात मुंबईला मालाडमध्ये एक गोष्ट घडली. गाडीत एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. तशा स्थितीत ती गाडी ओढून नेण्यात आली. लोकांनी त्याचे चित्रण केले. मोठा गवगवा झाला. त्या शिपायाला निलंबित करण्यात आले. गाडीत माणूस असताना गाडी ओढणे धोक्याचे असते. तसे कुणी करू लागला, तर शांतपणे सांगावे, "दादा, आत माणूस आहे. आम्ही गाडी काढतो."

आणखी एक कलम लक्षात ठेवा. ते १९४ ई. रुग्णवाहिकेला किंवा आगीच्या बंबाला वाट दिली नाही, तर १०,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. ५०० रुपयांपुढे ही रक्कम केवढी! कायद्याने रोग्याच्या वाटेची किंमत इतकी मोठी धरली आहे.

दंड कोण करू शकतो?

वाहतूक पोलीस करू शकतात. परिवहन कार्यालयाचे निरीक्षक करू शकतात. सरकारने ज्याला अधिकार दिला, तोच करू शकतो. इस्पितळाचा रखवालदार सरकारी दंड करू शकत नाही. पैसे घेऊन गाडी लावण्याची जागा असते, तिथला माणूसही दंड करू शकत नाही. तो फक्त पाटीवर लिहिलेले भाडे घेऊ शकतो. भाडे दिले की पावती मागावी. पावती नाही, तर पैसे नाहीत.

हातात चलन न देता कुणी "शंभर द्या आणि जा" म्हणाला, तर देऊ नये. तो दंड नव्हे.

आमची अडचण होती, मग माफी नाही का?

हा प्रश्न सगळे विचारतात. आम्हीही विचारला.

खरे सांगायचे तर कायद्यात सूट आहे ती रुग्णवाहिकेला. आपण रोगी नेला म्हणून आपली खासगी गाडी रुग्णवाहिका होत नाही. "घरात आजारी माणूस होता, म्हणून दंड नाही", असे वाक्य कायद्यात लिहिलेले नाही.

पण कायदा राबवणारी माणसेच असतात. शिपायाला डोळे असतात, कान असतात. रोगी उतरवताना त्याने पाहिले, तर तो बहुधा थांबतो. गाडीत चालक बसलेला असेल, तर तो "पुढे घ्या" म्हणतो. दंड होतो तो बहुतेक वेळा मालक नसलेल्या, किल्ली नसलेल्या, सोडून दिलेल्या गाडीला. कारण तिला कुणी बोलूच शकत नाही.

म्हणून फरक समजून घ्या. रोगी उतरवण्यापुरते थांबणे वेगळे. गाडी दारात सोडून जाणे वेगळे. पहिल्यात दोन मिनिटे लागतात. दुसऱ्यात दुसऱ्याचा रोगी अडतो.

इथे अपघाताबद्दलही एक गोष्ट सांगतो. रस्त्यात जखमी झालेल्या परक्या माणसाला कुणी इस्पितळात आणले, तर पोलीस छळतील, अशी पुष्कळांना भीती वाटते. ही भीती मनातून काढा. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मदत करणाऱ्या माणसाच्या रक्षणाचे नियम मान्य केले. २०१९ साली ते कायद्यातही आले. मदत करणाऱ्यावर आपले नावगाव सांगण्याची सक्ती नाही. जखमी माणसाला सोडा आणि गाडी नीट लावा. भिऊन पळू नका.

चूक एकाची, चलन दुसऱ्याला

पूर्वी पोलीस कागदाची पावती फाडत असत. आता फोटो काढतात. गाडीच्या नंबरावरून मालकाचे नाव निघते. आपल्या वसई-विरारकडच्या गाड्यांचा नंबर 'एमएच ४८' ने सुरू होतो. चलनाचा संदेश मालकाच्या मोबाईलवर जातो. याला ई-चलन म्हणतात.

आमच्या बाबतीत काय झाले? गाडी शेजाऱ्यांची. चालवली पुतण्याने. लावायला सांगितली आम्ही. आणि संदेश गेला शेजाऱ्यांना! ते बिचारे बाजारात भाजी विकत होते. संध्याकाळी ते म्हणाले, "गुरुजी, माझ्या नावावर कसला दंड आला हो?" आम्ही सगळे सांगितले आणि ५०० रुपये त्यांच्या हातावर ठेवले. ते घेईनात. आम्ही म्हटले, "ही आमची चूक आहे. तुम्ही गाडी दिलीत, हेच उपकार मोठे. गाडी देणाऱ्याला दंड पडला, तर उद्या गावात कोण कुणाला गाडी देईल?" मग त्यांनी घेतले.

म्हणून दुसऱ्याची गाडी नेली, तर दंडाची गोष्ट लपवू नये. आपण होऊन सांगावी आणि पैसे द्यावेत.

यात आणखी एक गुंता आहे. पुष्कळ लोक जुनी गाडी विकतात, पण कागद बदलत नाहीत. मग नवा माणूस चूक करतो आणि जुन्याला चलन येते. गाडी विकली, तर परिवहन कार्यालयात नाव बदलून घ्या. मोबाईलचा नंबर बदलला, तर तोही कळवा. नाही तर चलन आले, हेच कळत नाही. चलने साठत जातात. पुढे गाडीचे काही काम करायला गेले, की तिथे अडते. कोर्टाची नोटीसही येऊ शकते.

चलन आले तर काय करावे?

घाबरू नये. फेकून देऊ नये. आधी ते वाचावे.

चलनात गाडीचा नंबर असतो. तारीख आणि वेळ असते. जागा असते. कोणती चूक झाली, ते असते. दंडाची रक्कम असते. एकेक ओळ बोट ठेवून वाचा. नंबर आपलाच आहे का? त्या दिवशी त्या वेळी आपली गाडी तिथे होती का? फोटोत दिसणारी गाडी आपलीच आहे का? कधी एखादा आकडा चुकतो आणि भलत्यालाच चलन येते. वाचणाऱ्याला ही चूक सापडते. न वाचणारा पैसे भरून मोकळा होतो.

चलन बरोबर असेल, तर पैसे भरावेत. महाराष्ट्राच्या वाहतूक पोलिसांचे 'महाट्रॅफिक' नावाचे ॲप आहे. सरकारी संकेतस्थळही आहे. वाहतूक पोलिसांकडच्या यंत्रावरही भरता येतात. भरले की पावती घ्यावी आणि जपून ठेवावी.

आता सावधगिरीची गोष्ट. आजकाल चोर खोटी चलने पाठवतात. व्हॉट्सॲपवर संदेश येतो, "तुमचे चलन झाले आहे, ही फाइल उघडा." ती फाइल उघडली, की मोबाईल चोराच्या ताब्यात जातो आणि बँकेतले पैसे जातात. अशी फाइल कधीही उघडू नका. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' अशी अक्षरे असतात. ती नसतील, तर हात लावू नका. शंका आली, तर वाहतूक चौकीवर जाऊन गाडीचा नंबर सांगा. तिथे खरे-खोटे कळते. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करा.

आपली बाजू खरी असेल तर

समजा, तुम्ही रोगी उतरवत होता. गाडीत माणूस बसलेला होता. वाट अडलेली नव्हती. तरीही चलन आले. मग गप्प बसायचे कारण नाही.

महाट्रॅफिकवर चलनाबद्दल तक्रार नोंदवता येते. ते जमत नसेल, तर वाहतूक शाखेच्या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्यावा. मीरा-भाईंदर आणि वसई-विरारसाठी १ ऑक्टोबर २०२० पासून एकच पोलीस आयुक्तालय आहे. त्याच्या वाहतूक शाखेकडे अर्ज जातो.

अर्ज लांबलचक नसावा. असा असला तरी पुरे:

"माझ्या गाडीचा नंबर अमुक. चलनाचा नंबर अमुक. त्या दिवशी इतक्या वाजता माझ्या वडिलांच्या छातीत दुखू लागले. त्यांना उतरवण्यासाठी गाडी थांबवली होती. गाडीत चालक हजर होता. केसपेपरची नक्कल सोबत जोडली आहे. तरी या चलनाचा फेरविचार व्हावा."

सगळ्यांत मोठा पुरावा म्हणजे केसपेपर. त्यावर तारीख असते. दाखल करून घेतल्याची वेळही लिहून घ्यावी. चलनावरची वेळ आणि केसपेपरवरची वेळ जुळली, तर तुमच्या बोलण्याला वजन येते. म्हणून दुखणे बरे झाले तरी केसपेपर चुलीत घालू नये.

अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवावी. तिच्यावर पोहोच म्हणून सही-शिक्का घ्यावा. माफी मिळेलच, असे नाही. पण खरे सांगितल्याचे समाधान मिळते आणि कधी न्यायही मिळतो.

दंड मान्यच नसेल, तर कोर्टात सांगण्याचाही हक्क आहे. जागेवर दंड भरणे म्हणजे तडजोड. तडजोड नको असेल, तर प्रकरण न्यायाधीशापुढे जाते. वर्षातून काही वेळा लोकअदालत भरते. तिथेही थकलेली चलने घेतली जातात.

एक गोष्ट मात्र करू नये. शिपायाशी हुज्जत घालू नये, अंगावर धावून जाऊ नये. ५०० रुपयांचा मामला मग तुरुंगापर्यंत जातो. घरात एक आजारी असताना दुसरा कोठडीत, असे कुणाला हवे आहे?

दंड टाळायचा कसा?

दुखणे आले, की डोके चालत नाही. म्हणून विचार आधी, बरे असताना करून ठेवावा.

पहिली गोष्ट, १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली. ती फुकट आहे. गाडीत डॉक्टर असतो, प्राणवायू असतो. इस्पितळाचे दार तिच्यासाठी मोकळे असते. गाडी लावण्याची चिंता आपल्यावर राहत नाही. बाळंतीण असेल, तर १०२ आहे. पोलीस, आग, काहीही असो, ११२ आहे. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली, तर १०३३ आहे. हे नंबर घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पण आपण खेड्यातली माणसे. १०८ ची गाडी यायला कधी उशीर लागतो. महामार्गावर गाड्यांची रांग लागली, की ती तिथेच अडकते. मग आपलीच गाडी काढावी लागते. तेव्हा असे करावे.

रोग्याबरोबर चालक सोडून आणखी दोघे असावेत. दोघांनी रोगी आत न्यावा. चालकाने गाडी सोडू नये. रोगी उतरला, की त्याने गाडी पुढे न्यावी. सांगून ठेवलेल्या जागी लावावी आणि मग पायी यावे. पाच मिनिटे चालावे लागले, तरी बिघडत नाही.

चालक एकटाच असेल, तर त्याने दारातल्या रखवालदाराला हाक मारावी. खुर्ची किंवा स्ट्रेचर मागावे. रोगी आतल्या माणसांच्या ताब्यात द्यावा आणि लगेच गाडी हलवावी. अगदीच सोडावी लागली, तर किल्ली रखवालदाराकडे द्यावी, किंवा काचेवर मोठ्या अक्षरांत मोबाईल नंबर लिहून ठेवावा. किल्ली देऊन ठेवली असती, तर त्या दिवशी तो अपघाताचा माणूस पावसात भिजला नसता.

आणि आधीच पाहून ठेवा. बाजाराला जाता तेव्हा इस्पितळावरून जाता की नाही? मग पाहा, दार कोणत्या बाजूला आहे. तातडीचा विभाग कुठे आहे. गाड्या कुठे लावतात. मनाईची पाटी कुठे आहे. गावात एकाने पाहिले, तर दहा घरांना सांगता येते.

सगळ्यांनी मिळून काय करावे?

सगळा दोष गाडीवाल्याचा नाही. इस्पितळ बांधताना गाड्यांसाठी जागा ठेवावी, असा इमारतींचा नियम आहे. किती खाटा आहेत, त्यावर ती जागा ठरते. पण कुठे त्या जागेत औषधांचे दुकान निघते, कुठे भिंत घातली जाते. मग रोग्याच्या माणसांनी जावे कुठे?

परदेशांतही हा प्रश्न निघाला. स्कॉटलंड देशात सरकारी इस्पितळांत गाडी लावण्याचे भाडे घेत असत. लोक म्हणाले, आजारी माणसाला भेटायला येणाऱ्याकडून भाडे कसले घेता? २००८ सालच्या अखेरीस तिथे सरकार चालवत असलेल्या इस्पितळांत ते भाडे बंद झाले. ज्या थोड्या इस्पितळांचा करार खासगी कंपन्यांशी होता, तिथे ते २०२१ साली थांबले. वेल्समध्येही तसेच झाले. इंग्लंडमध्ये भाडे राहिले. पण आजारी मुलाजवळ रात्रभर थांबणाऱ्या आईबापांना आणि अपंगांना सूट मिळाली. तिथेही लोकांनी मागितले, तेव्हा मिळाले.

आपणही मागावे. मागणी मोठी नसावी, पण नेमकी असावी. इस्पितळाच्या दारापुढे रोगी उतरवण्यासाठी दोन गाड्यांची जागा राखावी. "येथे फक्त रोगी उतरवावा. पाच मिनिटांत गाडी हलवावी", अशी मराठी पाटी लावावी. पाटीपुढे जाहिरातीचा फलक लावू देऊ नये. जवळच गाड्या लावायची जागा असेल, तर तिकडे बाण दाखवावा. दारात स्ट्रेचर घेऊन एक माणूस असावा.

शहरातल्यांनी हा अर्ज महापालिकेच्या प्रभाग समितीत द्यावा. खेड्यातल्यांनी ग्रामसभेत ठराव करावा आणि वाहतूक शाखेला पाठवावा. खाली दहा-वीस सह्या असाव्यात. अंगठे नकोत, सह्या! आता आपल्याला सही येते ना?

आमच्या गावच्या वर्गाने असा एक अर्ज लिहिला आहे. मजकूर फळ्यावर सगळ्यांनी मिळून केला. सुवाच्य अक्षरात तो उतरवला शेजारच्या वहिनींनी. पहिली सहीही त्यांचीच आहे. दुसरी आमची.

ध्यानात ठेवा

१. इस्पितळाचे दार सर्वांचे आहे. रोगी उतरवा आणि गाडी हलवा.
२. मनाईच्या जागी गाडी लावली, तर पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा केल्यास १,५०० रुपये दंड.
३. रुग्णवाहिकेची वाट अडवली, तर १०,००० रुपये दंड किंवा कैद.
४. चलन वाचा. नंबर, तारीख, वेळ आणि जागा तपासा.
५. अनोळखी फाइल उघडू नका.
६. केसपेपर जपून ठेवा. तक्रार करायची, तर तोच पुरावा.
७. पावतीशिवाय कुणालाही पैसे देऊ नका.
८. १०८ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

आता सांगा

१. इस्पितळाच्या दारात गाडी सोडून गेले, तर कोणाची अडचण होते?
२. दुसऱ्याची गाडी नेली आणि दंड झाला, तर आपण काय करावे?
३. तुमच्या गावाला जवळचे इस्पितळ कोणते? त्याच्या दारात कोणती पाटी आहे? पुढच्या वेळी जाल, तेव्हा ती वाचा आणि वर्गात सांगा.